किसननगरात भाड्याने राहतो आहोत : वस्ती सोडावी, की फक्त घरमालक?

बार्शीची_सून | 18 मे, रात्री 10.40

नमस्कार. गेल्या जूनमध्ये आम्ही बार्शीहून ठाण्याला राहायला आलो. घरात मी, यजमान, आता नववीत जाणारा मुलगा, पाचवीत जाणारी मुलगी आणि सासूबाई अशी पाच माणसे आहेत. यजमानांना वागळे इस्टेटमधील एका खोके तयार करणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली आणि हजर होण्यासाठी आठच दिवसांची मुदत मिळाली, त्यामुळे घर पारखून घेण्याची चैन आम्हाला परवडणारी नव्हती. दलालाने एका दुपारी सहा खोल्या दाखवल्या आणि सातवी आम्ही घेतली. किसननगरातील चार मजली इमारत, लिफ्ट नाही, दुसरा मजला, एक खोली व स्वयंपाकघर, मोरी आणि संडास आत. भाडे 9,500 रुपये, अनामत 50,000 रुपये आणि एका महिन्याचे भाडे दलाली. करार पाचशेच्या स्टँपपेपरवर नोटरीसमोर झाला. नोंदणी वगैरे इथे कोणी करत नाही, असे मालकांनी सांगितले आणि आम्ही ते ऐकून घेतले.

आता वस्तीबद्दल. गल्लीच्या तोंडाशी संध्याकाळपासून पंधरा-वीस पोरे बसलेली असतात, महिन्यातून एखाद्या रात्री आरडाओरडा होऊन कोणाचे तरी डोके फुटते, आणि मागच्या गणपतीत दोन मंडळांमध्ये मंडपाच्या जागेवरून बाटल्या फुटल्या. सासूबाईंनी पहिला महिना दाराला आतून कडी लावून काढला. माझा भाऊ घोडबंदर रस्त्याला राहतो. मुलगा हाताबाहेर जाण्याआधी तिथून निघा, असा त्याचा लकडा आहे. त्याच्या भागात एका खोलीचे भाडे आमच्या दुप्पट आहे. यजमानांची दुसरी पाळी रात्री अकराला सुटते आणि बारा मिनिटांत ते चालत घरी येतात, ही गोष्ट मात्र भाऊ हिशेबात धरत नाही.

आमचे अकरा महिने 14 मे रोजी पूर्ण झाले. मालक दरमहा 1,500 रुपये वाढवून मागत आहेत, नवा करार लिहून द्यायला तयार नाहीत, पटत नसेल तर महिनाअखेर खोली रिकामी करा म्हणतात, आणि अनामतीतून रंगकामाचे पैसे कापणार असेही आताच सांगून ठेवले आहे. अनामतीतले 30,000 रुपये आम्ही ऑनलाइन दिले होते आणि 20,000 रोख. या भागात राहिलेल्या, राहत असलेल्या किंवा इथून निघून गेलेल्या लोकांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

रोड_नंबर_22 | 18 मे, रात्री 11.35

ताई, मी 1987 पासून याच भागात राहतो आणि टर्नर म्हणून वागळेतूनच निवृत्त झालो, तेव्हा माझे मत तटस्थ नाही हे आधी सांगून ठेवतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 मध्ये स्थापन झाले आणि त्याची पहिली वसाहत म्हणजे हे वागळे इस्टेट. कारखान्यांचे भूखंड आखले गेले, रस्त्यांना नंबर दिले गेले, पण त्या कारखान्यांत राबणाऱ्या माणसाने रात्री पाठ कुठे टेकायची, हे कोणी आखले नाही. सातारा-सांगलीकडून आणि कोकणातून आलेल्या माणसांसाठी आधी चाळी उठल्या, मग चाळींच्या जागी एकमेकींना खेटून इमारती उठल्या, आणि किसननगर, लोकमान्यनगर, इंदिरानगर हे सगळे त्यातून झाले. राज्याचे माजी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचे कुटुंबही साताऱ्याकडून येऊन याच किसननगरात राहिले. (हा राजकारणाचा मुद्दा नाही. कृपया त्यावर धागा भरकटवू नये.)

दंगा इथे आहे, नाकारत नाही. पण तो कोणत्या जागी असतो ते बघा. आमच्या गल्लीत रात्री साडेअकरालासुद्धा दुसऱ्या पाळीची माणसे डबे हलवत येत असतात, अंडाभुर्जीच्या गाडीवर दिवा असतो, कोणाची तरी आजी उंबऱ्यावर बसून लसूण सोलत असते. अशा गल्लीतून माझ्या दोन्ही सुना रात्रपाळीहून एकट्या येतात. बंद पडलेल्या कारखान्यांच्या कंपाउंडमागे जे रस्ते आहेत तिथून मात्र मी स्वतः दिवे लागल्यावर जात नाही, मग तो रस्ता कितीही रुंद आणि नकाशावर कितीही सरळ दिसो. मुलाची शिकवणी, मुलीची शाळा आणि यजमानांची वाट, या तिन्ही रस्त्यांनी तुम्ही एकदा रात्री नऊनंतर स्वतः चालून या आणि मग ठरवा. कट्ट्यावर कोण पोरगा नुसता बसतो आणि कोण काय विकतो, हे एव्हाना तुमच्या सासूबाईंना ठाऊक झाले असेल, त्यांनाच विचारा.

दोन_मुलींची_आई | 19 मे, सकाळी 9.15

काकांचा अनुभव खरा असेल, पण तो पुरुषाचा आणि जुन्या रहिवाशाचा आहे, हे लक्षात ठेवून वाचावा. आम्ही लोकमान्यनगरात सव्वादोन वर्षे राहिलो आणि निघालो. शेजारी उत्तम होते, त्यांच्याशी अजून येणे-जाणे आहे. मात्र गल्ली जिथे मुख्य रस्त्याला मिळते तिथे देशी दारूचे दुकान होते, आणि मोठी मुलगी शिकवणीहून साडेआठला परत येताना रोज त्याच तोंडाने आत यायची. पहिल्या वर्षी शेरे, दुसऱ्या वर्षी एकाने तिची ओढणी ओढली. शेजारच्या बायकांनी त्याला तिथेच चोपला, पोलीस ठाण्यात तक्रारही झाली. पण मुलीने शिकवणी सोडली ती सोडलीच. गरीब वस्तीला उगाच नावे ठेवू नयेत हे मलाही पटते, मी स्वतः चाळीत वाढले आहे. तरीही एखाद्या ठिकाणाची भीती वाटणे म्हणजे नेहमीच पांढरपेशेपणा असतो, असे कोणी मला सांगू नये.

आता आम्ही कासारवडवलीच्या पुढे राहतो. तिथली दुसरी बाजूही प्रामाणिकपणे लिहिते. यजमानांचा रोजचा प्रवास जाऊन-येऊन अडीच तासांचा झाला, घोडबंदर रस्त्यावर एखादा ट्रक बंद पडला की तीन तास. बाराव्या मजल्यावर आमच्या शेजारी कोण राहते हे मला अजून माहीत नाही. धाकटी शाळेतून आली की संध्याकाळपर्यंत मोबाइल घेऊन एकटी असते. लोकमान्यनगरात निदान ती कोणाच्या घरात आहे हे मला खिडकीतून हाक मारून कळत असे.

नोंदणीवाला | 19 मे, दुपारी 1.05

मी भाडेकरारांच्या ऑनलाइन नोंदणीचे काम करतो, तेव्हा वस्तीवर न बोलता कागदावर बोलतो.

नोटरी केलेला करार म्हणजे नोंदणीकृत करार नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. याच कलमातील दुसरी ओळ लोकांना ठाऊक नसते. नोंदणीकृत करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, ते खोटे आहे हे मालकाला सिद्ध करावे लागते. म्हणजे कागद कच्चा ठेवून मालकाने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला आहे. कलम 29 हेही लक्षात असू द्या. खोली रिकामी करून घेण्यासाठी मालकाला पाणी किंवा वीज तोडता येत नाही.

खर्चाची भीती दाखवली जाते म्हणून तुमचाच हिशेब मांडतो. अकरा महिन्यांचे भाडे 1,04,500 रुपये. परतीच्या अनामतीवर वर्षाला 10 टक्के दराने व्याज धरतात, म्हणजे 50,000 वर अकरा महिन्यांचे साधारण 4,583. बेरीज 1,09,083. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे पावणेतीनशे रुपयांच्या घरात. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. त्यावर हाताळणीचा किरकोळ आकार आणि आमच्यासारख्याची मजुरी. आधार आणि अंगठा घेऊन हे काम घरबसल्या होते. यासाठी कोणी नोंदणी टाळत असेल तर कारण पैशाचे नसते. भाड्याचे उत्पन्न दाखवायचे नसते, किंवा जागेच्या कागदांत काहीतरी गोम असते.

रोख दिलेल्या 20,000 चा पुरावा तुमच्याकडे नसेल, तर ते पैसे परत मिळतील या भरवशावर बसू नका. आमच्या धंद्यात लोक काय करतात ते लिहितो, सल्ला म्हणून नव्हे. ते शेवटच्या महिन्यांचे भाडे रोख अनामतीतून वळते करायला सांगतात, आणि तसा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून त्यावर मालकाचे "ठीक आहे" येईपर्यंत पिच्छा सोडत नाहीत.

घणसोलीकर_भाडेकरू | 19 मे, संध्याकाळी 7.50

नवी मुंबईत जाऊन हा प्रश्न सुटेल असे कोणाला वाटत असेल, तर एक इशारा. घणसोली, तळवली, गोठिवलीच्या गावठाणांत स्वस्त खोल्या मिळतात त्या बहुतेक "फिफ्टी-फिफ्टी"च्या इमारतींत, म्हणजे जमीन ग्रामस्थाची, बांधकामाचा पैसा बांधकाम करणाऱ्याचा, खोल्या निम्म्या-निम्म्या आणि परवानगीच्या नावाने अनेकदा शून्य. दिघ्यातील 99 बेकायदा इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयात गाजले तेव्हा त्यांत भाड्याने राहणारी माणसेही होती. मालमत्ता कराची पावती दाखवून घर अधिकृत आहे असे सांगतात, पण कर भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही. बाकी ठाणे-तुर्भे लोकल हाताशी आहे, एवढे सुख मात्र खरे.

चाळकरी_फिटर | 20 मे, सकाळी 7.30

ताई, दोन गोष्टी तपासा. पहिली विजेची. तुमच्या खोलीला महावितरणचे स्वतंत्र मीटर आहे का, की मालकाच्या एका मीटरवर चार खोल्या आणि आत पोटमीटर? महावितरणचा घरगुती दर 100 युनिटपर्यंत सर्वांत कमी असतो, पुढे 300 आणि 500 ला टप्प्याने चढतो. चार कुटुंबे प्रत्येकी 90 युनिट वापरत असतील तर स्वतंत्र मीटरवर चौघेही स्वस्त टप्प्यात राहतात, पण एकाच मीटरवर तो वापर 360 होतो आणि वरच्या युनिटांना चढा दर लागतो. ते ओझे मालक युनिटमागे ठोक आकडा लावून तुमच्यावर टाकतो. भाडे कमी आहे असे वाटते आणि फरक इथून निघतो.

दुसरी गोष्ट इमारतीची. तळमजल्यावर पाण्याच्या टाकीजवळचे खांब बघा. कोपऱ्यावर उभी, लांबलचक चीर असेल किंवा गिलावा फुगून आतली गंजलेली सळई दिसत असेल, तर ती साधी ओल नव्हे. आतली सळई गंजली की फुगते आणि फुगताना बाहेरचे काँक्रीट फोडते. वर कितीही चोपडा गिलावा मारला तरी ते थांबत नाही. ठाणे महापालिका पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची वर्गवारी करते. सी-1 म्हणजे अतिधोकादायक, ती रिकामी करून पाडायची. सी-2 ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-2 बी म्हणजे माणसे राहत असतानाच दुरुस्त करायची, आणि सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. तुमची इमारत यादीत आहे का ते प्रभाग समितीत विचारा.

बार्शीची_सून | 23 मे, रात्री 11.10

सर्वांचे आभार. फिटर दादांच्या प्रतिसादाने आमच्या घरातला विषयच बदलला, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्याकडे पाणी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी येते आणि अर्ध्या तासात जाते. वरच्या टाकीचा पंप बिघडलेला असला की सगळा जिना खालच्या नळावर उतरतो. गेल्या वर्षी पहिल्याच आठवड्यात तिथे पहिल्या मजल्यावरच्या एका काकूंशी माझे भांडण झाले होते. माझा नंबर असताना त्यांनी माझी नळी काढून स्वतःची लावली. आमच्याकडे बार्शीला आठ-आठ दिवसांनी पाणी येई, त्यामुळे नळावरची भाषा मलाही येते, आणि त्या दिवशी मी ती वापरली. पुढे सहा महिने आम्ही एकमेकींकडे बघत नव्हतो.

21 तारखेला पंप बंद होता. मी मोबाइलचा दिवा लावून टाकीमागचा खांब बघत होते. काकूंनी नळीला गुंडाळलेले फडके घट्ट केले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "त्याला तीन वर्षांत दोनदा गिलावा मारलाय. उजवीकडून बघ, डावीकडून दिसत नाही." उजवीकडून बघितले. गुडघ्याच्या उंचीपासून माझ्या खांद्यापर्यंत चीर होती. तीत मी पाच रुपयांचे नाणे उभे धरले तर ते आत गेले. खालच्या बाजूला हातभर गिलावा सुटलेला होता, आणि आतली सळई खपलीसारखी सुटत होती, बोट लावले की तांबडा भुगा हाताला येत होता. त्या खांबाशेजारून माझी मुलगी वर्षभर उड्या मारत शाळेला गेली आहे.

म्हणजे अकरा महिने मी गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या पोरांकडे डोळ्यात तेल घालून बघत होते. पायाखाली बघितलेच नव्हते.

यजमान लगेच म्हणाले, आपण प्रभाग समितीत अर्ज देऊ. ही गोष्ट जिन्यात कळली आणि त्या रात्री आमच्या दारात नऊ माणसे आली. भांडायला नव्हे, विनवणी करायला. इमारतीत सोळा खोल्या आहेत. पाच भाड्याच्या आणि उरलेल्या अकरांत ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून खोली घेतली ते लोक राहतात. त्यांचे म्हणणे असे की क्लस्टरची, म्हणजे जुन्या इमारती एकत्रित पाडून नव्या बांधण्याची, योजना आली आहे, आज ना उद्या आपल्याही इमारतीचा नंबर लागेल. त्याआधी सी-1 ची नोटीस लागली तर ऐन पावसात सामान घेऊन कुठे जायचे आणि परत येण्याची हमी कोण देणार? तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "तुम्ही भाडोत्री, उद्या दुसरी खोली घ्याल. आम्हाला कुठे दुसरी आहे?" मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

रोड_नंबर_22 | 24 मे, सकाळी 6.20

त्या आजोबांना माझ्याकडून नमस्कार सांगा आणि हेही सांगा. 4 एप्रिल 2013 रोजी शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधील इमारत पडली आणि 74 माणसे गेली. वरचे मजले चढत असतानाच खालच्या खोल्यांत कुटुंबे राहायला आणली होती. बेकायदा बांधकाम आणि कच्चा माल ही त्याची कारणे होती आणि तुमची इमारत तशी नसेलही. पण सळई दिसत असताना गप्प बसण्याला माझा पाठिंबा नाही. माझा एक पुतण्या क्लस्टरची वाट बघत घर दुरुस्तही करत नाही आणि सोडतही नाही. ठाण्यात अशी वाट बघणारी माणसे पुष्कळ आहेत.

एक मार्ग मात्र आहे. तक्रार म्हणून एकट्याने अर्ज देऊ नका. खोलीमालक आणि भाडेकरू यांनी मिळून पाहणीची विनंती करा. एका खांबाची चीर म्हणजे सी-1 असे काही ठरलेले नाही. वेळेत जॅकेटिंग, म्हणजे खांबाभोवती नव्या काँक्रीटचे मजबूत वेष्टन, झाले तर माणसे आत राहूनही काम होऊ शकते. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर संरचना परीक्षण (स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी) करून घेण्याचे बंधन कायद्यानेच मालकांवर आहे.

नोंदणीवाला | 24 मे, सकाळी 10.00

थोडी भर घालतो, कारण भाडेकरूंचा इथे गैरसमज होतो. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला क्लस्टरमध्ये घर मिळत नाही, ते खोलीच्या मालकाला मिळते. त्यामुळे या इमारतीत टिकून राहिलो तर काहीतरी हाती लागेल, असा विचार मनात असेल तर काढून टाका.

परभणीहून_येणार | 24 मे, दुपारी 3.40

आम्ही पुढच्या महिन्यात याच भागात येत आहोत. मुलाच्या शाळेचा दाखला हाती यायला वेळ लागेल असे दिसते. रेशनकार्ड गावचे आहे आणि गॅसही गावीच आहे. सुरुवातीला कसे करावे?

बार्शीची_सून | 24 मे, रात्री 9.30

दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 5 आठवीपर्यंत तुमच्या बाजूने आहे, शाळेत शांतपणे तेवढे सांगा. आमच्या मुलाला महापालिकेच्या शाळेत दाखल्याआधी बसू दिले होते. धान्य गावच्याच कार्डावर इथल्या दुकानात अंगठा लावून मिळते. मात्र सगळ्यांची आधार जोडणी झालेली असू द्या. सासूबाईंची नव्हती, त्यांचे धान्य तीन महिने बुडाले. गॅससाठी सुरुवातीला पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर घेतला. तो पाच माणसांना बारा-तेरा दिवस पुरला. आणि खोली बघायला जाल तेव्हा दुपारी जाऊ नका, पहाटे पाण्याच्या वेळी जा. नळावर उभ्या असलेल्या बायकांकडून दहा मिनिटांत जे कळते ते दलाल वर्षभर सांगत नाही.

निवृत्त_मास्तर | 25 मे, सकाळी 8.45

मुलाबद्दल कोणी फारसे लिहिले नाही, आणि मूळ काळजी तर त्याचीच होती. मी महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षे शिकवले आहे. चौदाव्या वर्षी मुलगा कट्ट्यावर जाणारच, कारण पाच माणसांच्या एका खोलीत त्याला पाय पसरायला जागा नसते. कट्टा हीच त्याची दुसरी खोली असते. त्याला बंदी केली तर तो लांबच्या कट्ट्यावर जाईल, आणि तिथले कोणी तुमच्या ओळखीचे नसेल. त्याला दोन तासांचे ठरलेले काम द्या. इथल्या व्यायामशाळा, कबड्डीचे संघ, मंडळांच्या अभ्यासिका यांचा उपयोग होतो. माझे कितीतरी विद्यार्थी मंडळाच्या अभ्यासिकेत बसून भरतीची परीक्षा उत्तीर्ण झाले. लक्ष ठेवायचे ते पैशावर ठेवा. मुलाच्या खिशात तुम्ही न दिलेले पैसे दिसले किंवा नवा मोबाइल दिसला, की त्याच दिवशी बसवून विचारा. नशेची पाकिटे पोचवायला असलीच मुले वापरतात, आणि सुरुवात नेहमी "हे फक्त त्या दादाला नेऊन दे" अशी होते. ही गोष्ट किसननगरात घडते आणि उंच इमारतींच्या पोडियमवरही घडते. तिथे ती उशिरा कळते, एवढाच मला दिसलेला फरक आहे.

दोन_मुलींची_आई | 25 मे, सकाळी 11.20

मास्तरांच्या शेवटच्या वाक्याशी सहमत आहे. बाकी मुलींच्या बाबतीत माझे मत बदललेले नाही.

बार्शीची_सून | 9 ऑगस्ट, रात्री 10.15

बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून पुढे काय झाले ते विचारले, म्हणून लिहिते.

आम्ही इमारत सोडली, वस्ती सोडली नाही. तीन गल्ल्या पलीकडे पहिल्या मजल्यावर खोली मिळाली. भाडे 11,000, अनामत 40,000, सगळी बँकेतून. ही खोली दलालाने दाखवलेली नाही, पहिल्या मजल्यावरच्या त्याच काकूंच्या नणंदेची आहे. करार नोंदणीकृत आहे, मुद्रांक शुल्क सव्वातीनशेच्या आत आले, आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला मालकीणबाईंनी स्वतः दिली. विजेचे मीटर स्वतंत्र आहे. सासूबाईंनी तळमजल्याचे चारही खांब काठीने ठोकून बघितले, तोवर मालकीणबाई हसू आवरून उभ्या होत्या. दोन मुलींच्या आईंनी लिहिलेले मनात होते, म्हणून गल्लीच्या दोन्ही तोंडांशी रात्री नऊला जाऊन उभी राहिले. एका बाजूला पिठाची गिरणी आणि दुसऱ्या बाजूला औषधांचे दुकान आहे, दोन्ही उशिरापर्यंत उघडी असतात. मुलगा सकाळी कबड्डीला जातो. संध्याकाळी कट्ट्यावरही जातो, पण आता मी त्या पोरांची नावे घेऊन हाक मारते, आणि हे त्याला फारसे आवडत नाही.

जुन्या मालकांना नोंदणीवाला दादांनी सांगितले तसा संदेश पाठवला. चार दिवस उत्तर आले नाही. मग कलम 55 चा उल्लेख करून दुसरा पाठवला, त्यावर तासाभरात फोन आला. 15 मे ते 14 जुलै या दोन महिन्यांचे जुन्या दराने 19,000 रुपये रोख अनामतीतून वळते झाले आणि किल्ली देताना 30,000 ऑनलाइन परत मिळाले. उरलेले 1,000 त्यांनी भिंतीसाठी कापून घेतले. त्या भिंतीवर मुलीने पेन्सिलीने सतरापर्यंतचे पाढे लिहून ठेवले होते, त्यामुळे तेवढे आम्ही सोडून दिले.

पाहणीच्या अर्जावर अखेर सोळांपैकी बारा जणांनी सह्या केल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी केली नाही. महापालिकेचे अभियंते येऊन बघून गेले आणि संरचना परीक्षण करून घेण्याची नोटीस लागली आहे. परीक्षणाचे पैसे कोणी किती द्यायचे यावर सध्या बैठका चालू आहेत, आणि खांबाला दोन लोखंडी टेकू लावले आहेत.

नवीन_भाडेकरू_24 | 10 ऑगस्ट, सकाळी 9.05

ताई, तुमची जुनी खोली अजून रिकामी आहे का? आमचे बजेट दहा हजारांचेच आहे.

बार्शीची_सून | 10 ऑगस्ट, दुपारी 2.30

रिकामी नाही. आम्ही निघालो त्याच आठवड्यात ती 11,000 ने गेली. नंदुरबारकडचे जोडपे आहे, मूल सात-आठ महिन्यांचे असेल. त्यांचा करारही नोटरीचाच झाला आहे. काकूंनी आणि मी त्या बाईला नळावर गाठून टेकू दाखवले, नोटीसही वाचून दाखवली. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "अनामत देऊन झाली आहे." तिचा हंडा भरला होता. तिने तो कडेवर घेतला, आणि मूल वर एकटे आहे म्हणून ती घाईने जिना चढून गेली.